तंत्रज्ञानांची लोकप्रियता मोजायची कशी? पहिल्यांदाच क्रमवारी लावणाऱ्यांसाठी

२०२४ साली प्रोग्रामिंग भाषांमध्ये जावास्क्रिप्ट कितवी होती? प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक सर्वेक्षणात पहिली: उत्तर देणाऱ्यांपैकी ६२.३ टक्के लोक ती वापरत होते. रेडमंक या विश्लेषक संस्थेच्या सहामाही क्रमवारीतही पहिली. गिटहब या कोड साठवण्याच्या साइटच्या वार्षिक अहवालात त्याच वर्षी पायथनने तिला मागे टाकलं, म्हणजे तिथे दुसरी. आणि टिओबी या कंपनीच्या मासिक यादीत ती पहिल्या पाचांतही नव्हती. चौघांपैकी कुणीही बेरीज चुकवलेली नाही. चौघांनी चार वेगळ्या गोष्टी मोजल्या आणि वाचणाऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिलं: लोकप्रियता.

स्वतःची क्रमवारी लावायला बसलात की हाच घोळ तुमच्या ताटात येतो. चार-पाच लायब्ररींमधून टीमसाठी एक निवडायची असो किंवा एखाद्या क्षेत्रातल्या भाषांचा आढावा लिहायचा असो, पद्धत तीच. साधी स्प्रेडशीट आणि थोडंफार स्क्रिप्टिंग एवढ्यावर काम भागतं. वेळ जातो तो आकडे गोळा करण्यात नव्हे, तर ते आकडे नक्की कशाचे आहेत हे तपासण्यात.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"कोणतं फ्रेमवर्क जास्त लोकप्रिय आहे?" हा प्रश्न मोजता येत नाही. कोण, काय करतंय आणि कुठल्या काळात, हे तिन्ही वाक्यात आलं पाहिजे. "गेल्या १२ महिन्यांत नव्याने सुरू झालेल्या मुक्तस्रोत प्रकल्पांनी क, ख आणि ग यांपैकी काय निवडलं?" हा मोजता येण्याजोगा प्रश्न आहे. "क येणाऱ्या माणसाला नोकरी मिळणं किती सोपं?" हाही आहे, पण त्याचं उत्तर पूर्णपणे वेगळ्या आकड्यांत सापडेल.

इथे सगळ्यात जास्त फसवणारा फरक म्हणजे साठा (आतापर्यंत जमलेलं) आणि ओघ (आत्ता नव्याने येणारं). जेक्वेरी ही जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी आजही इंटरनेटवरच्या प्रचंड साइट्सवर चालते, पण नवा प्रकल्प सुरू करताना ती मुद्दाम निवडणारे थोडे. पीएचपीचंही काहीसं तसंच: एकट्या वर्डप्रेसवर जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट्स उभ्या आहेत, त्यामुळे साइट्स मोजल्या की पीएचपी राक्षसासारखी दिसते आणि नव्या प्रकल्पांत शोधली की साधारण आकाराची. कोबोलवर कितीतरी जुने व्यवहार चालतात, तरी तिचे ट्युटोरियल शोधणारे मोजकेच. साठा मोजून "लोक काय निवडताहेत" असं लिहिलं की लेख पहिल्याच ओळीत चुकला.

पायरी २: कुणाकुणाची तुलना, आणि कुठे कुणाचं नाव काय

यादीत एकाच जातीच्या गोष्टी ठेवा. रिॲक्ट आणि नेक्स्ट ही वेबसाठीची साधनं एकाच यादीत घातली तर नेक्स्टचा प्रत्येक प्रकल्प रिॲक्टच्या खात्यातही जमा होतो, कारण नेक्स्ट रिॲक्टवरच उभं आहे. एचटीएमएलला भाषा म्हणायचं की नाही, एसक्यूएल धरायची की नाही, हे आकडे पाहण्यापूर्वी ठरवा. टिओबीचे प्रवेशाचे नियम पाहण्यासारखे आहेत: भाषेला विकिपीडियावर स्वतःचं पान हवं, ती ट्यूरिंग-पूर्ण (कुठलंही गणन करू शकणारी) हवी आणि गूगलवर ठरावीक शोधाला किमान ५,००० निकाल हवेत. नियम पटो न पटो, तो आधीपासून लिहिलेला आहे हे महत्त्वाचं. आकडे बघून मग यादी ठरवणारा माणूस नकळत आपल्या आवडत्या नावाला जागा करून देतो.

मग एक तक्ता करा. उभ्या बाजूला तंत्रज्ञानं, आडव्या बाजूला स्रोत, प्रत्येक घरात त्या स्रोतातलं नेमकं नाव. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्म्या चुका इथेच मरतात. अँग्युलर हे वेब फ्रेमवर्क घ्या. जुनं अँग्युलरजेएस आणि २०१६ साली आलेलं नवं अँग्युलर या दोन वेगळ्या गोष्टी. स्टॅक ओव्हरफ्लोवर दोघांचे टॅग वेगळे, जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं भांडार असलेल्या एनपीएमवर पॅकेजं वेगळी: जुनं नुसत्या नावाने आहे, नवं ॲट चिन्हाने सुरू होणाऱ्या स्कोपखाली, म्हणजे नावाआधीच्या उपसर्गाखाली. नुसतं नाव टाकून आकडा आणला तर तुम्ही आधार संपलेल्या जुन्या फ्रेमवर्कची लोकप्रियता मोजून बसता. बेबल या जावास्क्रिप्टच्या साधनानेही २०१८ च्या सातव्या आवृत्तीत आपली पॅकेजं स्कोपखाली हलवली. जुन्या नावाची रेघ तेव्हापासून उतरते, आणि ते पाहून बेबल मरतंय असं लिहिणारे भेटतात.

साध्या शब्दांची नावं हा स्वतंत्र ताप आहे. पायथन साप आहे, जावा बेट आहे, रस्ट हा व्हिडिओ गेमही आहे, आणि गो तर इंग्रजीतलं रोजचं क्रियापद. सी आणि आर ही एकेकच अक्षरं. अशा नावांचं काय करायचं ते नोकरीच्या जाहिरातींच्या भागात पाहू.

पायरी ३: प्रत्येक आकडा कशाचा आहे ते ओळखा

डाउनलोडपासून सुरुवात करू, कारण नवखे सगळ्यात जास्त तिथेच फसतात.

एनपीएम ज्याला एक डाउनलोड म्हणतं ती म्हणजे पॅकेजची फाइल यशस्वीपणे दिल्याची एक नोंद. ती कुणी मागितली याचा त्या आकड्याशी संबंध नाही. माणसाने मागितली असेल, बिल्ड सर्व्हरने (कोड आपोआप जुळवून तपासणाऱ्या यंत्राने) मागितली असेल किंवा सगळं पॅकेज भांडार उतरवून घेणाऱ्या मिररने. ज्या टीमचा बिल्ड सर्व्हर प्रत्येक कमिटला (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाला) सगळी पॅकेजं नव्याने ओढतो, ती पाच जणांची टीम महिन्याला हजारो डाउनलोड करू शकते. उलट जिथे अंतर्गत प्रॉक्सी (पॅकेजं साठवून ठेवणारा कंपनीचा मधला सर्व्हर) आहे, तिथे पॅकेज एकदा आत येतं आणि पाचशे जणांना तिथूनच मिळतं. बाहेर नोंद एकाचीच.

हे स्वतः बघायचं असेल तर कोणत्याही मोठ्या पॅकेजचे दोन महिन्यांचे रोजचे आकडे काढून आलेख करा. दर पाच उंच खांबांनंतर दोन बुटके दिसतील. ते शनिवार-रविवार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळाच आलेख खाली बसतो. यंत्रं सुट्टी घेत नाहीत, पण माणसांनी कोड ढकलला की यंत्रं पॅकेज ओढतात, म्हणून यंत्रांच्या आकड्यांवर माणसांच्या आठवड्याचा शिक्का उमटतो. याचा व्यवहारात अर्थ असा की कॅलेंडरच्या महिन्यांची तुलना करू नका. ३१ दिवसांच्या महिन्यात कामाचे दिवस कधी २१ येतात, कधी २३. काहीच न बदलता आकडा जवळजवळ दहा टक्क्यांनी हलतो, आणि त्याला वाढ म्हणून मथळा मिळतो. २८ दिवसांचे तुकडे करा. प्रत्येकात चार पूर्ण आठवडे येतात. दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजला जातो हेही टिपून ठेवा.

दुसरा सापळा आडून येणाऱ्या डाउनलोडचा. पायथनच्या पॅकेज भांडारात अग्रभागी बोटो३, युआरएललिब३, सर्टिफाय अशी नावं सापडतात. सर्टिफाय विचार करून निवडलंय असे लोक किती असतील? ते दुसऱ्या पॅकेजांच्या शेपटीला बांधून येतं. एनपीएमवरही सेमव्हर आणि डीबग यांचे आकडे डोळे फिरवतात, ते याच कारणाने. म्हणून "लोक काय निवडतात" असा प्रश्न असेल तर डाउनलोडऐवजी थेट डिपेंडन्सी मोजा: किती प्रकल्पांनी आपल्या पॅकेज फाइलमध्ये ते नाव स्वतःहून लिहिलंय. लॉक फाइल मोजू नका. तिच्यात आडून आलेलं सगळंच असतं.

आणि वेगवेगळ्या भांडारांचे डाउनलोड एकमेकांशी कधीच ताडून पाहू नका. पायथनचं जँगो आणि जावास्क्रिप्टचं एक्सप्रेस यांच्या डाउनलोडची तुलना म्हणजे एकाचं वजन किलोत आणि दुसऱ्याचं फुटांत. कॅशच्या सवयी वेगळ्या, पॅकेजचे आकार वेगळे, बिल्डच्या पद्धती वेगळ्या.

गिटहबचे स्टार. स्टार म्हणजे बहुतेक वेळा "नंतर बघू" अशी खूण. एकदा दिलेला स्टार क्वचितच कुणी काढतं, त्यामुळे एकूण संख्या फक्त वर जाते आणि जुन्या रेपोला (गिटहबवरच्या प्रकल्पाच्या साठ्याला) वयाचा फायदा मिळतो. शिवाय स्टार विकत मिळतात. वापरायचेच असतील तर दर महिन्याचे नवे स्टार घ्या. गिटहबवरच्या घडामोडींचा साठा असलेल्या गिटहब आर्काइव्हमध्ये १२ फेब्रुवारी २०११ पासूनच्या सार्वजनिक घटना तासागणिक एकेका फाइलमध्ये आहेत. तिथे स्टारची घटना "वॉच इव्हेंट" या नावाने नोंदलेली असते. "स्टार" शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. काढून घेतलेला स्टार तिथे दिसतच नाही.

रेपोची भाषा. गिटहब ती लिंग्विस्ट नावाच्या साधनाने ठरवतं आणि मोजतं बाइट्समध्ये. दोनशे ओळींच्या पायथन प्रकल्पात आलेखांनी भरलेली एक ज्युपिटर नोटबुक (कोड आणि त्याचे निकाल एकत्र ठेवणारी फाइल) असली की तिच्यातल्या चित्रांचा मजकूर एवढा भरतो की रेपोची मुख्य भाषा "ज्युपिटर नोटबुक" ठरते. फाइलच्या शेपटीवरूनही गोंधळ होतो: डॉट एम ऑब्जेक्टिव्ह-सीची असते आणि मॅटलॅबचीही, डॉट पीएल पर्लची आणि प्रोलॉगचीही, डॉट एच सीची आणि सी++ चीही. लिंग्विस्ट आतला मजकूर बघून अंदाज बांधतं, पण तो अंदाजच. भाषा मोजताना फोर्क (दुसऱ्याच्या रेपोच्या प्रती) वगळा. रेडमंक तेच करतं आणि रेपोंऐवजी पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) मोजतं, म्हणजे एकदा टाकून विसरलेले रेपो आपोआप मागे पडतात.

स्टॅक ओव्हरफ्लोवरचे प्रश्न. जास्त प्रश्न म्हणजे जास्त वापर, की जास्त अडचणी? दोन्ही. जुन्या भाषेचे नेहमीचे प्रश्न विचारून झालेले असतात आणि नवा तसाच प्रश्न टाकला की तो पुनरावृत्ती म्हणून बंद होतो. त्यात २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तिथले एकूण प्रश्नच कोसळले आहेत. म्हणून नुसती संख्या न घेता त्या महिन्याच्या एकूण प्रश्नांतला हिस्सा काढा. तरीही एक खोट उरतेच: ज्या भाषेचे लोक चॅटबॉटकडे लवकर वळले, तिचा हिस्सा वापर न घटताही घटतो. आजच्या घडीला या आकड्याला मोठं वजन देऊ नये.

शोध. टिओबी २५ शोधयंत्रांवर "अमुक प्रोग्रामिंग" या शोधाला किती पानं मिळतात ते मोजतं. पीवायपीएल नावाची दुसरी क्रमवारी गूगल ट्रेंड्सवर "अमुक ट्युटोरियल" किती शोधलं जातं ते पाहते. पहिलं म्हणजे लिहून ठेवलेल्या पानांचा ढीग, दुसरं म्हणजे शिकायला आलेल्यांची रांग. ढिगाचा धोका काय, ते एप्रिल २००४ मध्ये दिसलं. गूगलने फुगवलेल्या साइट्सची मोठी सफाई केली आणि टिओबीत जावा आणि सी++ एकदम घसरल्या. कुणीही जावा सोडली नव्हती. त्यानंतर टिओबीने आणखी शोधयंत्रं जोडली.

गूगल ट्रेंड्स वापरताना तीन गोष्टी सांभाळा. आकडे ० ते १०० असे सापेक्ष असतात. १०० म्हणजे निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू. एका वेळी पाचच नावं ताडता येतात, म्हणून मोठी यादी असेल तर एक नाव सगळ्या गटांत समान ठेवून साखळी जोडावी लागते. ते समान नाव मध्यम आकाराचं निवडा. पूर्णांकात गोळाबेरीज होत असल्यामुळे ज्याचा आकडा २ दिसतो तो खरा १.५ ते २.५ च्या मध्ये कुठेही असतो, म्हणजे २५ टक्के इकडे-तिकडे, आणि साखळीत ही चूक गुणाकाराने वाढते. आकडे नमुन्यावरून काढलेले असल्याने तोच शोध दुसऱ्या दिवशी थोडा वेगळा येतो. तीन-चार दिवस काढा आणि मध्यक घ्या. आणि शक्य तिथे नुसता शब्द न निवडता "विषय" निवडा, म्हणजे साप आणि बेटं बऱ्याच अंशी गळतात.

नोकरीच्या जाहिराती. एकाच जाहिरातीत बारा तंत्रज्ञानं कोंबलेली असतात, तीच जाहिरात चार ठिकाणी टाकलेली असते, आणि "जावा" शोधलं की जावास्क्रिप्टही येते. "गो"ने तर मार्केटिंगच्या "गो-टू-मार्केट" जाहिरातींचा ढीग येतो. उपाय कष्टाचा आहे पण पक्का: निकालांतून १०० जाहिराती यादृच्छिक निवडा आणि हाताने वाचा. समजा ६२ खरोखर गो भाषेच्या निघाल्या. मग एकूण निकालांना ०.६२ ने गुणा. १०० च्या नमुन्यावर या ६२ मध्ये साडेनऊ टक्के-बिंदूंची खालीवर धरावी लागते. ४०० वाचल्या तर ती पाचच्या आत येते. टिओबीही प्रत्येक भाषेसाठी असाच विश्वास-गुणक लावतं.

सर्वेक्षण. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या सर्वेक्षणाला ६५,००० हून अधिक उत्तरं आली, पण बहुतेक लोक त्याच साइटवरच्या आणि तिच्या ईमेल याद्यांमधल्या आवाहनांतून आले. नमुना मोठा असला म्हणून तो आपोआप प्रातिनिधिक होत नाही. स्वतः सर्वेक्षण घेणार असाल तर "तुम्ही क वापरता का?" असं विचारू नका. "गेल्या १२ महिन्यांत पगारी कामात यांपैकी काय वापरलंत?" असं विचारा, पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दाखवा, आणि "यांपैकी काहीच नाही" हा पर्याय ठेवा. ४०० उत्तरांत खला ३१ टक्के आणि गला २८ टक्के मिळाले तर ख पुढे आहे असं म्हणता येत नाही. एवढ्या नमुन्यात त्या दोघांतला फरक सहा टक्के-बिंदूंपर्यंत निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. आणि हे गणित यादृच्छिक नमुन्याचं आहे. स्वतःहून आलेल्या लोकांचं प्रकरण याहून वाईट.

बाकीचे स्रोत थोडक्यात. विकिपीडियाची पानं किती वेळा पाहिली गेली ते जुलै २०१५ पासून मिळतं. मागताना फक्त मानवी वाचकांचे आकडे मागा, आणि एखादी बातमी आली की उसळी येते हे ध्यानात ठेवा. डेटाबेसांसाठी डीबी-इंजिन्सची मासिक क्रमवारी आहे. ती शोधयंत्रांवरचे उल्लेख, गूगल ट्रेंड्स, चर्चा, नोकऱ्या आणि व्यावसायिक प्रोफाइल यांचं मिश्रण करते. डेबियन या लिनक्स प्रणालीवरची पॅकेजं मोजणारं पॉपकॉन छोटं आहे आणि त्यात भाग घेणं ऐच्छिक आहे, पण त्यात एक गोष्ट फार छान आहे: पॅकेज "बसवलेलं" आणि पॅकेज "नियमित वापरात असलेलं" यांचे रकाने वेगळे आहेत. इतर ठिकाणी हा फरक तुम्हाला अंदाजाने काढावा लागतो.

पायरी ४: आकडे आणताना

तीन स्रोत पुरे. ते वेगवेगळ्या स्वभावाचे हवेत: एक वापराचा, एक आवडीचा किंवा शिकण्याचा, एक मागणीचा. डाउनलोड, स्टार आणि फोर्क असे तिन्ही घेतले तर ते एकाच गोष्टीचे तीन फोटो होतात.

एनपीएमचा आकडेवारीचा एपीआय (स्क्रिप्टने आकडे मागण्याची सोय) एका पॅकेजसाठी एका वेळी जास्तीत जास्त १८ महिने देतो आणि १० जानेवारी २०१५ च्या मागे जात नाही. एका मागणीत १२८ पर्यंत पॅकेजं घालता येतात, पण मग मुदत ३६५ दिवसांचीच, आणि स्कोपवाली पॅकेजं त्यात चालत नाहीत. ती एकेक करून मागावी लागतात. पायथनसाठी पायपीआय-स्टॅट्स ही साइट सोपी आहे, मात्र ती फक्त १८० दिवस मागचं ठेवते. त्याहून जुनं हवं तर गूगलच्या बिगक्वेरी या डेटा-सेवेवर पायपीआयचा सार्वजनिक डेटा आहे. तिथे तारखेची अट घातल्याशिवाय क्वेरी चालवू नका. महिन्याला एक टेराबाइट तपासणी मोफत असते आणि त्या तक्त्यावरची एक बेफिकीर क्वेरी ती एका झटक्यात संपवते. इन्स्टॉलरचा रकाना वापरून बँडरस्नॅचसारखी मिरर करणारी साधनं वगळा. सीआयची (आपोआप चालणाऱ्या बिल्डची) खूण असलेल्या नोंदी वेगळ्या काढा, पण खूण नाही म्हणजे माणूसच असं समजू नका. स्टॅक ओव्हरफ्लो ज्या जाळ्यात येतं त्या स्टॅक एक्स्चेंजच्या एपीआयवर किल्लीशिवाय (नोंदणी करून मिळणाऱ्या कोडशिवाय) दिवसाला ३०० मागण्या मिळतात, किल्ली घेतली की १०,०००.

आलेलं उत्तर जसंच्या तसं फाइलमध्ये ठेवा, नावात तारीख घाला, आणि स्वच्छता नेहमी प्रतीवर करा. सहा महिन्यांनी "हा आकडा कुठून आला?" असं विचारणारे पहिले तुम्हीच असाल.

पायरी ५: एका मापात आणणं

डाउनलोड कोटींत, जाहिराती शेकड्यांत. थेट बेरीज केली तर जाहिराती असून नसल्यासारख्या. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे प्रत्येक स्रोतात स्पर्धकांमधला हिस्सा टक्क्यांत काढणं. समजा तीन लायब्ररींचे हिस्से असे आले: डाउनलोडमध्ये क ६०, ख २५, ग १५. थेट डिपेंडन्सीत क ५०, ख २०, ग ३०. जाहिरातींत क ४५, ख ३०, ग २५. तिन्ही स्रोतांना समान भारांक (वजन) दिला की क ५१.७, ख २५.०, ग २३.३. ख दुसरी, ग तिसरी.

एखाद्या स्रोतात एकच नाव बाकीच्यांच्या दसपट असेल तर आधी लॉग (लॉगॅरिदम) घ्या. ४ कोटी, ५० लाख आणि ४० लाख यांचे दहाच्या पायातले लॉग साधारण ७.६०, ६.७० आणि ६.६० येतात. मोठ्याचं मोठेपण राहतं, पण खालच्या दोघांची आपसातली तुलना चिरडली जात नाही. हिस्सा की लॉग हे प्रश्नावर ठरतं. बाजारातला वाटा हवा असेल तर हिस्सा, नुसता क्रम हवा असेल तर लॉग. क्रमांकांचीच सरासरी काढणं टाळा. पहिला आणि दुसरा यांच्यात डोंगराएवढं अंतर असू शकतं आणि सातवा-आठवा यांच्यात केसाएवढं. क्रमांकात दोन्ही अंतरं एकच.

पायरी ६: हलवून बघा

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात. वरचंच उदाहरण घ्या आणि थेट डिपेंडन्सीचा भारांक दुप्पट करा. क ५१.२५, ख २३.७५, ग २५.००. दुसरा आणि तिसरा जागा बदलून बसले. आकडा एकही बदलला नाही, फक्त तुमचं मत बदललं. म्हणजे क पहिला आहे हे ठामपणे लिहिता येतं, पण ख आणि ग यांच्यातला क्रम हा तुमच्या भारांकाचा निकाल आहे.

पद्धतशीर करायचं तर प्रत्येक स्रोत एकदा पूर्ण वगळून आणि एकदा दुप्पट करून क्रमवारी परत काढा. तीन स्रोतांना सहा वेळा. प्रत्येक तंत्रज्ञानाचा सर्वोत्तम आणि सर्वात वाईट क्रमांक शेजारी लिहा. "ख: २ ते ३" असं आलं की दोघांना एकाच पायरीवर ठेवा. जे सात क्रमांक इकडून तिकडे उड्या मारतं त्याच्यासाठी पायरी २ मधल्या नावांच्या तक्त्याकडे परत जा. बहुतेक वेळा तिथे एखादा चुकीचा टॅग किंवा जुनं पॅकेज बसलेलं असतं.

त्याबरोबरच स्रोतांचे क्रम जोडीजोडीने ताडा. स्पिअरमनचा सहसंबंध (दोन क्रम किती जुळतात याचं माप) स्प्रेडशीटमध्ये सहज निघतो: आधी क्रमांक काढायचे, मग त्यांचा साधा सहसंबंध. दोन स्रोत ०.९५ च्या वर जुळत असतील तर त्यातला एक फुकट आहे, तो काढा. एखादा स्रोत बाकीच्या सगळ्यांशी ऋण येत असेल तर बहुधा उलटा क्रम लावला गेलाय. मोठा आकडा चांगला की लहान, ते तपासा. पाच-सहाच स्पर्धक असतील तर मात्र या सहसंबंधावर फार विसंबू नका, एक अदलाबदल झाली तरी तो खूप हलतो.

पायरी ७: छापणं

क्रमांकाऐवजी गट द्या: वरचा, मधला, खालचा, आणि गटाच्या आत वर्णानुक्रम. क्रमांक द्यायचेच असतील तर शेजारी गुण आणि क्रमांकाची व्याप्ती द्या. प्रश्नाचं ते एक वाक्य लेखाच्या सुरुवातीला, स्रोत आणि आकडे काढल्याच्या तारखा तक्त्याखाली. "घसरली" हा शब्द जपून वापरा. हिस्सा घसरूनही वापरणारे वाढलेले असू शकतात, कारण एकूण बाजारच वाढलेला असतो.

पुढच्या वेळी पद्धतीत सुधारणा सुचेल, एखादा स्रोत बंद पडेल, एखादं पॅकेज नाव बदलेल. तेव्हा नव्या पद्धतीने फक्त नवे आकडे काढून जुन्या तक्त्याशेजारी लावू नका. जपून ठेवलेल्या कच्च्या फाइलींवर नवी पद्धत चालवून जुनी क्रमवारीही पुन्हा काढा, आणि बाण वर की खाली ते या दोन तक्त्यांवरून ठरवा. कच्च्या फाइली नसतील तर त्या वेळी बाण छापूच नका.